मिंटीचे लग्न आणि आपली वही



वाचकहो, आमच्या भावकीत आणि वस्तीत कोणाचेही लग्न ठरले की हिशेबाची वही माझ्याकडे येते. बी.कॉम. झाल्याबद्दल समाजाने मला दिलेला हा एकमेव मान. नवरीचे हात रंगायच्या आधी माझी बोटे शाईने रंगतात. मंडपवाला, आचारी, पाण्याचा टँकर, फोटोवाला, सगळ्यांची उचल आणि बाकी माझ्या वहीत असते.

यंदाच्या उन्हाळ्यात थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न निघाले. मुलगी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून इथेच नगरात नोकरी करते. तिने स्वतःच्या अक्षरात खर्चाची यादी करून दिली, तीत एक ओळ होती, ‘संगीत : 22,000’. मी विचारले, “गायन पार्टी कुठली सांगितली? नगरचीच की बाहेरची?”

घरातल्या बायका हसायला लागल्या. वहिनी तर पदराने डोळे पुसू लागल्या.

“काका, संगीत म्हणजे आदल्या रात्री सगळ्यांनी नाचायचं. पंजाबी लग्नात असतं तसं.”

“आपण पंजाबी कधी झालो?”

“तुम्ही आधी हे वाचा, मग बोला,” असे म्हणून तिने एक इंग्रजी पुस्तक माझ्या वहीवर आपटले. चेतन भगत यांचे ‘टू स्टेट्स’. 2009 साली आलेली कादंबरी. कॉलेजातल्या पोरापोरींनी तिची पारायणे केली असे ऐकून होतो. आम्ही चळवळीतली माणसे अशी पुस्तके हातात धरायलाही लाजतो. त्या आठवड्यात एका शिबिरासाठी जामखेडला जायचे होते, एस.टी.त वेळ जाईल म्हणून पुस्तक पिशवीत टाकले.

खरे सांगायचे तर गाडीत मी मोठ्याने हसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने दोनदा वळून पाहिले.

इंग्रजी सोपे आहे, कारकुनाला कळेल असे. दिल्लीचा पंजाबी मुलगा क्रिश मल्होत्रा आणि चेन्नईची तमिळ ब्राह्मण मुलगी अनन्या स्वामीनाथन. दोघे अहमदाबादच्या आय.आय.एम.मध्ये शिकतात, प्रेमात पडतात. पळून जायचे नाही, दोन्ही घरांना राजी करूनच लग्न करायचे असे ठरवतात. मग काय, मुलाची आई मद्राशांच्या नावाने बोटे मोडते, मुलीच्या घरी पंजाबी म्हटले की तोंडे आंबट होतात. पोरगा नोकरीसाठी चेन्नई पत्करतो आणि होणाऱ्या सासऱ्याची मर्जी राखत बसतो. सगळा मामला हलकाफुलका. लेखकाने स्वतःच्या लग्नावरून रचलेली गोष्ट आहे, म्हणून तिला घरच्या भांडणाची चव आहे.

त्यात एक पंजाबी लग्न येते. क्रिशच्या नात्यातल्या मिंटी नावाच्या मुलीचे. नवरदेवाचे नाव ड्यूक! दिवे, दागिने, दारू, पनीर, सगळे यथासांग. आणि ऐन वेळी देण्याघेण्यावरून वरपक्ष अडून बसतो. मुलीचा बाप हवालदिल, मोठी माणसे पगड्या सावरत एकमेकांची समजूत घालताहेत, कोणाची बोलण्याची छाती नाही. तेव्हा ही परप्रांतीय अनन्या उठते. म्हाताऱ्यांशी हुज्जत घालत बसत नाही. सरळ नवरदेवाला गाठते आणि तरुण मंडळींसमोर त्याला जाब विचारते. लग्न लागते. जी आई त्या मद्राशिणीचे नाव ऐकायला तयार नव्हती, तिचेही मत तिथून हलू लागते.

मी पानाला एस.टी.चे तिकीट खुणेला लावले आणि पुस्तक मिटले. सगळ्या विनोदात एवढीच जागा अशी होती की तिथे हसू येईना.

आमच्या कार्यालयात भविष्य निर्वाह निधीतून उचल मागणारे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जातात. कारणाच्या रकान्यात कोणी ‘घरदुरुस्ती’ लिहितो, कोणी ‘आजारपण’. सर्वांत जास्त वेळा वाचायला मिळते ते ‘मुलीचे लग्न’. ‘मुलाचे लग्न’ असेही अर्ज येतात, पण रक्कम पाहिली की कळते, एकाच समारंभाला दोन बाजूंचे खर्च वेगळे असतात. अर्जदारांत आपले बौद्ध बांधव नाहीत असे मी म्हणालो तर माझा हात थरथरेल.

आता पंजाबी लग्नाविषयी. आम्हा नगरकरांना ते काही सिनेमातून कळलेले नाही. फाळणीनंतर सिंध-पंजाबकडून आलेली निर्वासित कुटुंबे तारकपूर भागात वसली, त्यांच्या वराती आम्ही लहानपणापासून पाहिल्या. नुसत्या पाहिल्या नाहीत. आमचे वडील लग्नसराईत वरातीचे दिवे डोक्यावर धरायला जात. बँडच्या दोन्ही बाजूंनी दिवेवाल्यांच्या रांगा, एका दिव्याची वायर दुसऱ्याला जोडलेली, मागे हातगाडीवर जनरेटर. मी आठ-दहा वर्षांचा असेन, जनरेटरच्या गाडीला हात लावून चालायचो. घोडीवर सेहरा बांधलेला नवरदेव, पुढे भांगडा. दिव्याखालच्या माणसाला मान वळवता येत नाही. वायर ताणली जाते. वडील म्हणायचे, “एवढ्या वराती केल्या, नवरदेवाचं तोंड एकदाही नीट पाहिलं नाही.” पैसे रात्री मिळत, जेवण वऱ्हाड उठल्यावर. गुरुद्वाऱ्यातल्या लंगराची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सगळ्यांबरोबर एका पंगतीत, मांडीला मांडी लावून जेवलो. तेही मला आठवते आणि ते इथे लिहिलेच पाहिजे.

पुढे 1995 साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला, मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षे मुक्कामालाच राहिला, आणि पंजाबी लग्न साऱ्या देशाचे लग्न झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ‘हम आपके हैं कौन’ने करवल्यांना बूट पळवायला शिकवले होते. मेंदी, संगीत, लेहंगा करीत करीत ते आमच्या पत्र्याच्या घरापर्यंत पोचले आणि माझ्या वहीत 22,000 होऊन बसले.

मौज अशी की ज्या पंजाबच्या नावाने हा थाट चालतो, तिथल्या शिखांचा विवाहविधी मुळात अगदी साधा. गुरु ग्रंथसाहिबाभोवती चार फेऱ्या, त्याला आनंद कारज म्हणतात. त्यासाठी 1909 सालीच कायदा झालेला आहे. दुसरी मौज यापेक्षा कडू आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे पंजाबात शंभरातली जवळजवळ बत्तीस माणसे अनुसूचित जातींची आहेत. देशातल्या कोणत्याही राज्यात एवढे प्रमाण नाही. सिनेमातल्या आणि कादंबऱ्यांतल्या पंजाबी लग्नात ही बत्तीस माणसे कुठे दिसतात? दिवा धरणाऱ्याला नवरदेव दिसत नाही आणि गोष्ट लिहिणाऱ्याला दिवा धरणारा.

पंजाब आणि लग्न हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला तर आणखी एक गोष्ट आठवायला हवी. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने 1936 च्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले. छापील भाषण वाचून मंडळाचे धाबे दणाणले, परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, पहिल्या आवृत्तीच्या 1,500 प्रती काढल्या. तेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे त्यात स्वच्छ म्हटलेले आहे. सहभोजनाने काम भागत नाही, रक्त मिसळले पाहिजे. म्हणजे पंजाबी लग्नाची सर्वांत महत्त्वाची चर्चा 1936 साली होणार होती आणि यजमानांनीच मंडप काढून टाकला.

‘टू स्टेट्स’मध्ये कुंपण आहे ते भाषेचे, खाण्यापिण्याचे, रंगरूपाचे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, वरच्या थरातली घरे. म्हणून विनोद जमतो. पडले तर गुडघा फुटेल, जीव जाणार नाही. लेखकावर माझा राग नाही. त्याने आपल्या घरची गोष्ट सांगितली, प्रामाणिकपणे सांगितली. पण मी ती वाचत होतो जामखेडच्या रस्त्यावर.

या कादंबरीवरचा सिनेमा 18 एप्रिल 2014 रोजी लागला. त्यानंतर दहाच दिवसांनी, 28 एप्रिल 2014 रोजी, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात दलित कुटुंबातल्या सतरा वर्षांच्या एका शाळकरी पोराला मारून झाडाला टांगले. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय. त्याच्या आदल्या वर्षी, 1 जानेवारी 2013 ला, नेवासे तालुक्यात सोनईला मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. तिथेही कारण प्रेमाचेच होते. सोनईच्या खटल्यात 2018 साली शिक्षा झाल्या. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले. आमच्या जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण गावे तीच आहेत आणि रस्तेही तेच.

खर्ड्याच्या त्या पोराच्या वयाची मुले त्या एप्रिलमध्ये देशभर थिएटरात बसून हसत होती. तोही कुठल्याशा थिएटरात बसून हसला असता. त्याला ते वयच होते.

शिबिरात मी हे बोललो. चहाच्या वेळी एक जुने कार्यकर्ते जवळ आले. आमची तीस वर्षांची ओळख. म्हणाले, “चांगलं बोललास. आता माझ्या घरी चल आणि आमच्या पोरीला समजाव.”

“काय झालं?”

“मातंगाच्या पोराच्या नादी लागलीय.”

वाचकहो, माझ्या हातातला कप तसाच राहिला. या गृहस्थाने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, नामांतरात तुरुंग पाहिला. दर 14 एप्रिलला त्यांचे भाषण असते. भाषणात 1936 असते, 15 एप्रिल 1948 असते, त्या दिवशी बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला तो प्रसंग ते फार रंगवून सांगतात. मी एवढेच म्हणालो, “दादा, तुमचंच भाषण पोरीनं ऐकलं असेल.”

“भाषण ठीक आहे रे. भावकीला काय सांगू?”

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण याच साप्ताहिकाच्या वधू-वर पानासाठी आलेल्या मजकुराचे शुद्धलेखन मी पुष्कळदा तपासले आहे. ‘बौद्ध, गोरी, उंच, नोकरीवाली.’ चर्मकार चालेल, मातंग चालेल, होलार चालेल, अशी ओळ दुरुस्त करायची वेळ माझ्यावर फारच क्वचित आली. ‘बौद्ध’ हा शब्द तिथे आपण धम्माच्या अर्थाने लिहितो की जुन्या जातीच्या अर्थाने, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे. वरच्यांनी आमच्याशी सोयरीक करावी आणि आम्ही मात्र शेजारच्या आळीत मुलगी द्यायची नाही, हा हिशेब माझ्या कुठल्याच वहीत जमत नाही.

मुलीला समजवायला गेलो नाही. त्या दोघांनी आपले आपण विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली होती. हा 1954 चा कायदा आहे. नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. दोन मित्र तयार होते, तिसरा मी. ते तीस दिवस कसे काढले ते त्या पोरांना आणि मला ठाऊक. कार्यालयाच्या फलकावर नावे आणि पत्ते लागलेले, येणारा-जाणारा कोणीही वाचू शकतो.

इकडे आमच्या घरी दुसरेच नाटक चालले होते. पुतणीचे सासर बौद्ध, सुशिक्षित. “हुंडा आम्हाला नकोच,” हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलेले. तिसऱ्या बैठकीला मध्यस्थाने हळूच सूर लावला, “हुंडा नाही हो, फक्त मुलाला कामावर जायला एक मोटारसायकल.” भाऊ एम.आय.डी.सी.त कामगार. त्याने माझ्याकडे पाहिले, मी वहीकडे पाहिले. वहीत मोटारसायकल बसत नव्हती. तरी मी पेन उघडले, हे कबूल करतो. कार्यकर्ता भाषणापुरता असतो, वहीपुढे तो मुलीचा काका होतो.

पुतणीने फोन लावला आणि सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर ठेवला. “मीही रोज कामाला जाते, शेअर रिक्षाने. मला गाडी कोण देणार आहे?”

तिकडे बराच वेळ शांतता. मग मुलगा म्हणाला, “मी मागितली नव्हती. आईला बोललं कोणीतरी.”

“मग आईंना सांग.”

“सांगतो. आपण दोघं मिळून हप्त्यावर घेऊ.” थोडे थांबून, “पण संगीत होणार ना?”

वहिनींनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. आता हसत होत्या की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

मध्यस्थ चहा न घेता उठला. मिंटीचे पान मी तिला वाचून दाखवले नव्हते. तिने ते माझ्या आधीच वाचले होते, म्हणून तर पुस्तक माझ्या वहीवर आपटले.

संगीत झाले. बावीस हजारांचे नऊ हजार मी केले, नाच शिकवायला येणारा मनुष्य यादीतून काढून. गाणी सिनेमाची थोडी आणि भीमगीते जास्त. आमची आई वयाच्या शहात्तराव्या वर्षी उठून नाचली आणि दुसऱ्या दिवशी गुडघे धरून बसली. संगीताला मी विरोध करणार होतो, त्याचे काय झाले ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी लग्न मात्र बाबासाहेबांनी 1956 च्या डिसेंबरात पत्रातून सांगितले त्याच रीतीने लागले. होम नाही, सप्तपदी नाही. चौरंगावर पाण्याने भरलेले कोरे मडके, त्यात सोडलेला पांढरा दोरा, दोन टोके दोघांच्या हातात, मंगलसुत्ताचे पठण, अंगावर पांढरी वस्त्रे. माझ्या वहीप्रमाणे मडके 120 रुपये, दोरा 10 रुपये. धम्माचा खर्च 130, बाकीच्या पानांची बेरीज मी इथे छापणार नाही. भावाने पतसंस्थेचे कर्ज घेतलेच. मोटारसायकलचे तेवढे वाचले.

या लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते जुने कार्यकर्ते संध्याकाळी माझ्याकडे आले होते. मुलीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. बसून राहिले. काहीतरी बोलायचे म्हणून मी त्यांना त्या कादंबरीतल्या बापाची गोष्ट सांगितली. क्रिशचा बाप तापट, लष्करातून निवृत्त झालेला, मुलाशी वर्षानुवर्षे धड बोलणे नाही. दोन घरांची बोलणी फिसकटतात, लग्न मोडते, मुलगा खचतो. आणि हा बाप कोणाला न सांगता एकटा चेन्नईला जातो, मुलीच्या आईबापांपुढे बसतो आणि त्यांना राजी करतो. मुलालाही नंतर कळते.

“कोणाला न सांगता?” त्यांनी विचारले.

“कोणालाच नाही.”

त्यांनी चहा संपवला. चपला घालताना पाठमोरे असतानाच विचारले, “ते नोंदणीचं कार्यालय किती वाजता उघडतं?”

“पावणेदहाला.”

त्या दिवशी मी सव्वानऊला पोचलो. शिपायाने अजून कुलूप काढले नव्हते. बाहेरच्या बाकावर ते बसले होते, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात मिठाईचा पुडा. पोरे आली तेव्हा मुलगी लांबच थांबली. त्या मातंगाच्या पोराने पुढे होऊन जयभीम केला. त्यांनी पुडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “आत चला, रांग लागेल.”

तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी माझे नाव आधीच लिहिलेले होते. मी ते खोडायला निघालो, तर खिडकीतले कारकून म्हणाले, “खाडाखोड चालत नाही.” मला हे ठाऊक असायला हवे होते. नवा फॉर्म आणला आणि पुन्हा पहिल्यापासून भरला.